काकांसाठी पोकरचं टेबल

काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमचा शनिवारचा डाव थांबला.

काका म्हणजे मिस्त्रीचे वडील. मिस्त्री हे माझ्या मित्राचं आडनाव नव्हे. शाळेत असल्यापासून कुणाची सायकल, कुणाचा टेबलफॅन, कुणाच्या दाराची कडी दुरुस्त करत हिंडायचा, म्हणून हे नाव पडलं ते कायमचं. त्याच्याच घरी मे महिन्याच्या सुट्ट्यांत काकांनी आम्हाला पत्ते शिकवले. आधी बदाम सात आणि झब्बू, मग मेंढीकोट, दहावीनंतर रमी. पोकर मात्र आम्ही त्यांना शिकवलं आणि दोन महिन्यांत ते आमच्यापेक्षा चांगलं खेळायला लागले. त्यांची एकच अट होती, पैसे लावायचे नाहीत. सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या गोल चकत्या, आणि ज्याच्या आधी संपतील त्याने चहा टाकायचा.

इतकी वर्षं आम्ही आठ जण त्यांच्या पुण्यातल्या घरी हॉलमध्ये गादी घालून बसायचो. काका कायम खिडकीच्या बाजूला, मांडी घालून. हातात चांगले पत्ते आले की त्यांचा उजवा अंगठा गादीची कड दाबायला लागायचा. त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं आणि आम्ही कधी सांगितलं नाही.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी जमिनीवर बसायला आणि मांडी घालायला मनाई केली. एकदा आम्ही जेवणाच्या टेबलावर डाव मांडून पाहिला. वरती काच. काचेवर पत्ता चिकटून बसतो, नखाने उचलावा लागतो. चिप्स टाकल्या की खणखण आवाज. टेबल सहा जणांचं, त्यामुळे दोघे कोपऱ्यांवर अवघडून बसलेले. पत्ता घसरून खाली पडला की काका सवयीने वाकायला जायचे आणि मध्येच थांबायचे. दुसऱ्या शनिवारी ते म्हणाले, ‘तुम्ही खाली बसून खेळा रे, मी बघतो.’ ते आमच्याशेजारी उंच खुर्चीत बसून राहिले. त्या रात्री परतताना जिन्यातच मिस्त्री म्हणाला, ‘टेबल करायचं.’

तयार पोकर टेबलांच्या किमती आमच्या बजेटच्या कितीतरी पट होत्या. आम्ही आठ हजार रुपये ठरवले, दोघांत निम्मे निम्मे. खर्चाचं एक सूत्रही पहिल्याच दिवशी ठरलं. जे हाताला लागणार, म्हणजे वरचं कापड आणि हात टेकायची कड, तिथे हात आखडायचा नाही. जे खाली राहणार तिथे जुनं चालेल, जोड चालेल, डाग चालेल.

आकारावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. गोल टेबल सगळ्यात न्याय्य, कारण मधोमध पोचायला सगळ्यांना सारखंच अंतर. पण बाजारात प्लाय येतो आठ बाय चारचा. जोड न देता त्यातून चार फुटांचं गोल टेबल निघतं आणि त्यावर सहा जणच बसतात. म्हणून लांबट गोल, धावपट्टीच्या आकाराचं ठरवलं: लांबी ८४ इंच, रुंदी ४२ इंच, दोन्ही टोकांना २१ इंच त्रिज्येची अर्धवर्तुळं. कडेची एकूण लांबी होते साधारण २१६ इंच. आठ जणांत वाटली तर प्रत्येकाला २७ इंच मिळतात. कोपर मोकळं राहायला दोन फूट पुरतात, म्हणजे आम्ही आरामात बसणार होतो. रुंदी ४२ ठेवण्याचं कारण काका. त्यांना पुढे फार झुकता येत नाही आणि त्यांच्या जागेपासून टेबलाचा मध्य २१ इंचांवर राहिला तर हात सरळ पोचतो. हे आम्ही त्यांच्या नकळत, ते पेपर वाचत असताना, टेपने मापून घेतलं होतं.

आता युक्तीची गोष्ट. कड वेगळ्या प्लायमधून कापली तर एक शीट जास्त लागते. त्याऐवजी १८ एमएमच्या एकाच शीटमधून आधी ८४ बाय ४२ चा मोठा आकार काढायचा, मग त्याच्या आत साडेचार इंच सोडून दुसरी रेघ मारायची आणि तीही कापायची. बाहेरचं कडं म्हणजे हात टेकायची कड, आतली फळी म्हणजे खेळायची जागा. दोन्ही खालून १२ एमएमच्या प्लायवर बसवायचे. दोन शीटमध्ये पूर्ण टेबल. शिवाय १८ च्या शीटमधून १२ इंच रुंदीचा एक आणि ६ इंच रुंदीचा एक तुकडा उरतो, त्याच्या खालच्या पट्ट्या होतात. वाया जवळपास काहीच जात नाही.

प्लाय घ्यायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. सोबत मिस्त्रीच्या ओळखीचे एक सुतारकाका आले होते, त्यांनी शीट कशी बघायची ते दाखवलं. डोळा कडेच्या रेषेत आणून एका टोकाकडून दुसरीकडे पाहायचं, बाक लगेच दिसतो. मग बोटाच्या पेराने जागोजागी टकटक करायचं. आतल्या थरात पोकळी असेल तिथे आवाज बदलतो. तिसऱ्या शीटवर त्यांनी मान हलवली. घरात वापरायचं असल्यामुळे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायची गरज नव्हती, साध्या कमर्शियलवर भागलं. अठराची शीट २,००० आणि बाराची १,४७० रुपये.

पाय मात्र विकत घेताना मिस्त्रीची नजर कामी आली. लग्नाच्या बुफेला केटरर जी घडीची टेबलं मांडतात त्यांच्या फळ्या लवकर खराब होतात, पण लोखंडी पाय वर्षानुवर्षं टिकतात. एका केटररच्या गोदामात अशी मोडलेली टेबलं एकावर एक रचून ठेवलेली होती. पायांच्या दोन जोड्या ९०० रुपयांत मिळाल्या. घासून, लाल ऑक्साइडचा हात देऊन आणि वर काळा रंग मारून ते नव्यासारखे झाले.

कापडासाठी आम्ही तीन दुकानं फिरलो आणि त्या तीन तासांचा मला आजही आनंद वाटतो. पोकरला कापड दिसायला कसं आहे यापेक्षा पत्ता त्यावर कसा जातो ते महत्त्वाचं. कॅसिनोत वापरतात ते खास कापड इथे सहज मिळत नाही. माझ्या डोक्यात हिरवं मखमल होतं. मी खिशात पत्त्यांचा कॅट घेऊन गेलो होतो. दुकानदारांना विचारून काउंटरवर मखमलीचा तागा सरळ पसरला आणि एक पत्ता बोटाने सरकवला. वीतभर जाऊन थांबला. मखमलीची लव पत्त्याला धरून ठेवते. उलट्या दिशेने सरकवला तर तेवढाही गेला नाही. फेल्टवर जरा बरा गेला, पण फेल्टला बोट घासलं की त्याचे गोळे व्हायला लागतात. दुकानदार आधी नुसते बघत होते, मग त्यांनाच उत्सुकता वाटली. ‘थांबा, एक दाखवतो,’ म्हणत त्यांनी सोफ्याला लावतात ते पॉलिस्टरचं स्वेडसारखं कापड काढलं. घट्ट वीण, अगदी बारीक लव. पत्ता सोडला तो काउंटरच्या दुसऱ्या टोकापर्यंत सुळकन गेला आणि कडेला अलगद थांबला. मग त्यांनी स्वतः एक पत्ता घेऊन सरकवून पाहिला. रंग गडद निळा. हिरवा त्या प्रकारात नव्हता आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. ५४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड, ३०० रुपये मीटरने ७५० रुपये. कुणी असं टेबल करत असेल तर माझं एवढंच सांगणं आहे, कापड मोबाइलवर बघून मागवू नका. पत्ता घेऊन दुकानात जा.

रेक्झीन नाना पेठेत, गाड्यांच्या सीट कव्हरवाल्यांकडून घेतलं. ते घराच्या सोफ्यासाठी मिळतं त्यापेक्षा जास्त ताणलं जातं आणि गोल वळणावर हा ताणच कामाला येतो. कडेसाठी एक इंची, घट्ट फोम. कापडाखाली ५ एमएमचा पातळ फोम, म्हणजे पत्त्याच्या कडेखाली बोट जातं. तो याहून जाड घेतला तर चिप्सची चवड कलते.

कापणी रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केली. आवाज होणार म्हणून आधी सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगून आलो होतो. रेघ मारायला आम्ही सुतळी, खिळा आणि पेन्सिल घेऊन बसलो. पहिलं अर्धवर्तुळ मारलं आणि ते सरळ रेघेला मिळेना, पाव इंचाचा फरक. सुतळी ताणली जाते हे लक्षातच आलं नव्हतं. मग मिस्त्रीने लाकडी पट्टी घेतली, एका टोकाला खिळ्यासाठी भोक, तिथून साडेसोळा इंचांवर एक आणि २१ इंचांवर एक भोक पेन्सिलसाठी. दोन्ही टोकांचे मध्यबिंदू एकमेकांपासून ४२ इंचांवर. त्या एका पट्टीने बाहेरची आणि आतली दोन्ही वळणं निघाली आणि रेघ रेघेला अशी मिळाली की दोघेही थोडा वेळ बघत राहिलो.

जिगसॉ, म्हणजे वळणावर कापायचं विजेचं करवत, सुतारकाकांनीच दिला. सोबत दोन गोष्टी बजावल्या. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून वरच्या बाजूचा प्लाय फाटतो, तेव्हा रेघेवर कागदी टेप लावून कापायचं. आणि वळणावर मशीन ढकलायचं नाही. ढकललं की पातं आत वाकतं, वर रेघ बरोबर दिसते आणि खाली तीन-चार एमएम तिरकं जातं. मी बाहेरचं एक वळण घाईने कापलं आणि नेमकं तेच झालं. आतली रेघ मिस्त्रीने कापली. आधी रेघेवर १० एमएमचं भोक पाडलं, त्यातून पातं घातलं आणि पाऊण तास तो जवळपास श्वास रोखून चालवत होता. मी फक्त भुसा फुंकत होतो आणि फळी शेवटी निखळू नये म्हणून खालून धरून होतो. कडं आणि फळी वेगळी झाली तेव्हा मधे दोन एमएमची सारखी फट दिसत होती. फार सुंदर काम झालं होतं.

आणि त्या सुंदर कामातच आमची चूक होती.

पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही फळीवर पातळ फोम चिकटवला, कापड ताणून खाली वळवलं आणि गन टॅकरने पिना मारल्या. कापड ताणताना समोरासमोर जायचं असतं: एक पिन इकडे मधोमध, मग एक बरोबर समोर, मग दुसऱ्या दोन बाजूंना, आणि तिथून हळूहळू बाहेर. एका बाजूने सुरुवात करून पुढे जात राहिलं तर शेवटी चुणी उरतेच. आमची एकही उरली नाही. कड्याला फोम लावला, रेक्झीन चढवलं. वळणाच्या मागच्या बाजूला दर दीड इंचावर व्ही आकाराची खाच मारली की रेक्झीन एकमेकांवर न चढता बसतं. एक जण दोन्ही अंगठ्यांनी ओढून धरणार, दुसरा पिन मारणार. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीचे अंगठे सुजले होते. कड्याच्या मधून निघालेला रेक्झीनचा मोठा तुकडा होता, त्यात दोन स्टुलं मढवून झाली.

मग फळी कड्यात ठेवायला गेलो आणि ती आत जाईना.

प्लायला प्लाय बरोबर बसत होता. पण आता फळीच्या कडेवर कापड आलं होतं, कड्याच्या आतल्या बाजूवर रेक्झीन आलं होतं, आणि दोन एमएमच्या फटीत हे दोन्ही मावत नव्हतं. मापं घेताना आम्ही लाकडाची जाडी धरली, कापडाची धरलीच नाही. मिस्त्री एरवी शांत माणूस, पण त्या रात्री तो फळीवर गुडघा ठेवून दाबायला लागला. मी त्याला थांबवलं. जोराने बसली असती तर रेक्झीन फाटलं असतं आणि ती फळी पुन्हा कधी निघाली नसती. आम्ही दिवा बंद करून घरी गेलो. जाताना एकमेकांशी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोचलो तेव्हा काका पार्किंगमध्ये, वॉकर बाजूला ठेवून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या मांडीवर फळीचं एक टोक आणि हातात बारीक तोंडाचा स्क्रूड्रायव्हर. एकेक पिन उपसून ते चहाच्या जुन्या डब्यात टाकत होते. टेबल कुणासाठी चाललंय हे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. मला म्हणाले, ‘कापडाला ओढ द्यायची नाही, पिन आधी एका बाजूने उचलायची.’ दीडशेच्या वर पिना असतील. कापडाला एकही भोक मोठं झालं नाही. तेच कापड आम्ही पुन्हा वापरलं.

फळीच्या सगळ्या कडेने, म्हणजे पंधरा फुटांहून जास्त लांबी, दोन ते अडीच एमएम लाकूड कमी करायचं होतं. जिगसॉने एवढी पातळ पट्टी निघत नाही, पातं बाहेर पळतं. म्हणून आधी कानस आणि मग ६० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मधून मधून कापडाची एक आणि रेक्झीनची एक पट्टी फटीत धरून बघायचो, दोन्ही अडकून न बसता सरकल्या की तेवढा भाग झाला. आम्ही आधीच फळी आखताना आतल्या रेघेच्या आत दुसरी रेघ मारून नंतर छाटली असती तर हे सगळं अर्ध्या तासात झालं असतं. तुम्ही करणार असाल तर कापड आणि रेक्झीन आधी विकत घ्या, दोन्हींची घडी चिमटीत धरून जाडी बघा, आणि मगच कापा.

जोडणी सोपी होती. खालचा प्लाय १२ आणि कडं १८, मिळून ३० एमएम. म्हणून २५ एमएमचेच स्क्रू खालून मारले, टोक वर फोममध्ये येत नाही. फळीला स्क्रू मारलाच नाही, ती नुसती आत ठेवली आहे. खालच्या प्लायला मधोमध इंचभराचं भोक आहे, तिथून अंगठ्याने ढकललं की फळी वर येते. उद्या कापड खराब झालं तर तेवढंच बदलता येईल. कप ठेवायला गोल भोकं पाडायची कल्पना मी आणली होती, ती मिस्त्रीने नाकारली आणि बरंच केलं. चहा त्या दोन मढवलेल्या स्टुलांवर राहतो आणि टेबल कोरडं राहतं.

खालच्या पट्ट्यांवरून मात्र आमचा वाद झाला. मिस्त्रीला त्या उभ्या लावायच्या होत्या, मजबुतीसाठी, आणि त्याचं बरोबर होतं. उभी पट्टी आडवीपेक्षा कितीतरी कमी लवते. पण काका उठताना आधी पाय पुढे सरकवतात, मग हातांवर भार देऊन उठतात, तेव्हा गुडघा वर येतो. मी त्यांना खुर्चीतून दोन-तीनदा उठताना पाहिलं होतं. शेवटी लांबीच्या पट्ट्या आडव्या, फेव्हिकॉल लावून आणि जवळजवळ स्क्रू मारून बसवल्या. आठ जणांची कोपरं टेकली तरी टेबल हललेलं नाही.

हिशोब ७,६९० रुपयांवर थांबला. दोन्ही शीट आणि पाय मिळून ४,३७०, कापड ७५०, रेक्झीन ६५०, दोन्ही फोम ६५०, स्क्रू, पिना, फेव्हिकॉल आणि रंगाचे ६२०, जिगसॉची पाती १५०, टेंपो ५००. उरलेल्या ३१० रुपयांत पायांना रबरी बुचं आली आणि पत्त्यांचा एक नवा कॅट.

पहिल्या शनिवारी आठही जण आले. काकांची जागा आम्ही सरळ बाजूच्या मधोमध ठेवली, खाली टेबलाचे पाय येत नाहीत तिथे. ते बसले, वॉकर भिंतीला लावला, आणि दोन्ही तळहात निळ्या कापडावरून एकदा बाहेरच्या बाजूला फिरवले. पहिला डाव त्यांनीच वाटला. पत्ते पिसताना त्यांचे हात पूर्वीसारखेच चालले. सगळ्यात लांबच्या टोकाला बसलेल्याकडे त्यांनी पत्ता सोडला, तो मधल्या सगळ्यांच्या समोरून सरळ गेला आणि त्याच्या हाताशी थांबला. कुणाला उठावं लागलं नाही, कुणाला वाकावं लागलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या डावात टेबलावर तीन पत्ते उघडले होते. माझ्याकडे दोन राजे होते, मी चिप्स पुढे सरकवायच्या बेतात होतो. तेवढ्यात मिस्त्रीने माझ्याकडे बघून नजरेनेच काकांच्या हाताकडे खूण केली. काका पत्त्यांकडे बघत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. उजवा अंगठा मात्र कडेच्या रेक्झीनमध्ये खोल दाबला गेला होता, एक इंची फोममध्ये अगदी नखापर्यंत.

आम्ही दोघांनीही पत्ते टाकून डाव सोडला.